पासंग

माझा मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याने फोनवर विचारलं होतं, "बाबा, पहिल्या पगारातून तुम्हाला काय पाठवू?" मी म्हणालो, "काही नको रे, तू सुखात राहा." आईबापांनी असं म्हणायचं असतं आणि मुलांनी ते मनावर घ्यायचं नसतं. आमच्या चिरंजिवांनी ते चार वर्षं मनावर घेतलं. मग एके दिवशी, ऐन मे महिन्यात, भर दुपारी, खामगावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी एक टेम्पो आमच्या फाटकाशी उभा राहिला आणि त्यातून सात खोकी उतरली.

"हे काय?" सौ.ने विचारलं.

"होम थिएटर."

"आपल्याकडे टीव्ही आहे की."

"हा टीव्हीचा आवाज आहे."

"टीव्हीला आवाज आहे की!"

या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पहिलं खोकं फोडलं.

ज्यांच्या घरी अजून ही वस्तू आलेली नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडा खुलासा करतो. या यंत्राला 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात. पाच पूर्णांक एक दशांश. पूर्वी सरासरी कुटुंबाचे आकडे छापून यायचे, त्यांत अशी दशांश माणसं असायची. इथे पाच म्हणजे पाच स्पीकर. डावा, उजवा आणि मधला हे तिघे समोर, आणि उरलेले दोन आपल्या मागे डावी-उजवीकडे. मधल्याकडे मुख्यतः बोलण्याचं खातं. डाव्या-उजव्याकडे गाणी-बजावणी. मागच्या दोघांकडे पाऊस, वारा, घोड्यांच्या टापा आणि खलनायकाची पावलं. आणि एक दशांश म्हणजे एक जाडजूड ठोकळा. आकाराने तो सगळ्यांत मोठा, पण त्याच्या वाट्याला फक्त सगळ्यांत खालचे सूर येतात म्हणून हिशेबात त्याची किंमत एक दशांश. घरात सगळ्यांत अवजड असून हिशेबात दशांश धरलं जाणं म्हणजे काय, हे मला रिटायर झाल्यापासून चांगलं कळतं. त्यामुळे त्या ठोकळ्याबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी वाटली.

जोडणीसाठी वायरमनला बोलावलं. त्याने सगळा पसारा पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हे पाच भोंगे एकाच खोलीत? काहून? गनपतीत बी आमी दोनच लावतो."

"आवाज चहूबाजूंनी आला पाहिजे."

"तं मंग हे मांगचे दोन कुठी लावू?"

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. ज्या देशांत ही यंत्रं जन्माला आली तिथे घराला मागची भिंत असते आणि ती मोकळी असते. आमच्या हॉलच्या मागच्या भिंतीवर एका बाजूला देवघर आणि दुसऱ्या बाजूला फ्रिज. शेवटी मागचा उजवा स्पीकर देवघराच्या वर बसला आणि मागचा डावा फ्रिजच्या डोक्यावर. तेव्हापासून इंग्रजी सिनेमा लागला की हेलिकॉप्टर फ्रिजवरून उडतं आणि बाळकृष्णाच्या डोक्यावर उतरतं. ठोकळा दिवाणाखाली ढकलला. त्याला पहिल्यांदा वाचा फुटली तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांशी बोलू लागले आणि डाळीच्या डब्याचं झाकण खाली आलं. "आवाज तं दनदनीत येते साहेब," वायरमन खूश होऊन म्हणाला आणि पैसे घेऊन गेला.

खरी कथा इथून पुढे सुरू होते. कारण स्पीकर लावणं वेगळं आणि त्यांचा समतोल साधणं वेगळं. पाच माणसं घरात आणून बसवली म्हणून कुटुंब होत नाही.

सोबतच्या पुस्तकात म्हटलं होतं की प्रत्येक स्पीकरचं तुमच्या कानापासूनचं अंतर यंत्राला सांगा. मी शिवणाच्या मशीनच्या खणातली टेप आणली. माझी खुर्ची हॉलच्या बरोब्बर मध्यावर, टीव्हीसमोर. ती कधीपासून तिथे आहे, हे मलाही आठवत नाही. समोरचे डावा-उजवा प्रत्येकी नऊ फूट, मधला आठ फूट, मागचे चार-चार फूट. एवढ्या फुटाफुटांनी काय बिघडतं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. आवाजाला एक फूट जायला सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. (हा थंड हवेचा हिशेब. वीस अंशांना आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो आणि पंचेचाळीस अंशांना ३५८. म्हणजे मे महिन्यात खामगावात आवाजसुद्धा पंधरा मीटर जास्त पळतो. उन्हातून घरी पोचायची घाई त्यालाही असणार.) मागचा स्पीकर जवळ असल्यामुळे त्याचा आवाज समोरच्याच्या चार-पाच सहस्रांश सेकंद आधी कानात शिरतो. आणि कानाचा स्वभाव असा, की जो आधी पोचला त्याचंच खरं.

हा माझा शोध नव्हे. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ साली हे मोजून दाखवलं. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला आणि दुसरा पहिल्याच्या मागोमाग, एका सेकंदाच्या तीस-पस्तिसाव्या भागाच्या आत पोचला, तर कानाला दोन आवाज ऐकूच येत नाहीत. एकच येतो, आणि तो पहिल्याच्या दिशेने आल्यासारखा वाटतो. दुसरा पहिल्याहून बऱ्यापैकी मोठा असला तरीही! यासाठी संशोधन कशाला लागलं, हे मात्र मला कळलं नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणत्याही सुनेने हे हासला चहा पिता पिता सांगितलं असतं. भांडणात कोण किती मोठ्याने बोललं याला महत्त्व नसतं, सासूबाईंकडे आधी कोण पोचलं याला असतं.

यावर यंत्राने काढलेला तोडगा मात्र मला फार आवडला. लांबच्याला घाई करता येत नाही, कारण आवाज आपल्याच चालीने चालणार. म्हणून जवळच्याला थांबवतात. जवळचा स्पीकर मुद्दाम चार-पाच सहस्रांश सेकंद गप्प बसतो, लांबच्याची वाट पाहतो, आणि जरा हळू बोलतो. मग सगळे मिळून एकदम पोचतात. हे वाचून मी इतका भारावलो की सौ.ला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "मग जेवायला बसताना हे यंत्र लावा. तुम्ही वाढायच्या आधी सुरू करता."

अंतरं झाली, आता आवाजाची पातळी. त्यासाठी यंत्राबरोबर सुपारीएवढा एक मायक्रोफोन आला होता. तो एका जागी ठेवायचा, मग एकेक स्पीकर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा खर्रर्र आवाज काढतो आणि तो मायक्रोफोनपाशी सारख्याच पातळीचा, साधारण पंच्याहत्तर डेसिबल, भरेल असं यंत्र जुळवून घेतं. मी पुण्याला फोन लावला.

"हा मायक्रोफोन ठेवायचा कुठे?"

"तुमचं डोकं जिथे असतं तिथे, बाबा."

झालं. खुर्चीत पाट, पाटावर दोन डबे, वर एक कादंबरी आणि तिच्यावर मायक्रोफोन. माझ्या डोक्याची उंची अशी पहिल्यांदाच निश्चित झाली. कूलर बंद केला, पंखा बंद केला, सगळ्यांना श्वाससुद्धा हळू घ्यायला सांगितला. घामाच्या धारा लागल्या. पाचही स्पीकर एकेक करून खर्रर्र करून गेले, ठोकळा घुमला, आणि पडद्यावर अक्षरं आली की जुळणी पूर्ण झाली.

त्या रात्री मी माझ्या खुर्चीत बसून जो सिनेमा ऐकला त्याला तोड नाही. हो, ऐकला. पाहिला नाही. माणूस पडद्यावर डावीकडे असला तर आवाज डावीकडून यायचा. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष आहे. १९३१ साली लंडनमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाचा एक तरुण इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला आणि वैतागला. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून. 'यावर माझ्याकडे उपाय आहे,' असं त्याने तिला सांगितलं म्हणतात. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोन कानांसाठी दोन आवाज देण्याच्या युक्तीसाठी त्याने पेटंटचा अर्ज केला. त्याच १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईला 'आलम आरा' लागला होता. आपल्याकडे सिनेमाला नुकतं तोंड फुटलं होतं, आणि तिकडे हा गृहस्थ तोंड आणि आवाज एका जागी कसे आणायचे याच्या मागे लागला होता. बायकोला किंवा होणाऱ्या बायकोला सिनेमाला नेऊन तिथे तक्रार करणारे पुष्कळ, पण त्या तक्रारीतून काही निष्पन्न झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

तर माझा समतोल साधला. गीतेने समत्वाला योग म्हटलं आहे. मी त्या रात्री योगी झालो. गडबड एवढीच होती की तो योग एका खुर्चीपुरता होता.

हे पहिल्यांदा माझ्या मुलीच्या लक्षात आलं. ती दिवाणावर डाव्या बाजूला बसते. "बाबा, मला सगळं एकाच डब्यातून ऐकू येतंय," ती म्हणाली. सौ. स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे फ्रिजपाशी बसते. तिला अख्ख्या सिनेमात फक्त पाऊस ऐकू आला. मी सगळ्यांना आळीपाळीने माझ्या खुर्चीत बसवून दाखवलं. त्या प्रत्येकी दोन मिनिटं "वा, वा" म्हणाल्या आणि उठल्या, कारण मी खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा होतो.

आमच्या लहानपणी घरात एकच रेडिओ होता आणि त्याला एकच तोंड होतं. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की घरातली आणि शेजारची मिळून पंधरा डोकी त्याच्याभोवती बसायची. त्यात डावं नव्हतं, उजवं नव्हतं. मध्येच स्टेशन गेलं की सगळ्यांचंच जायचं. समतोल नव्हता, पण पंक्तिप्रपंचही नव्हता. सगळ्यांना सारखंच वाईट ऐकू यायचं. विज्ञानाने प्रगती केली ती ही, की आता एकाला उत्तम ऐकू येतं.

मी न्यायबुद्धीचा माणूस आहे. बँकेत तेहतीस वर्षं काउंटरवर काढली आहेत. मी सर्वांना सारखा न्याय देण्याचा एक प्रयोग केला. घरातल्या चारही बैठकींची जागा कागदावर काढली आणि त्यांचा मध्य शोधला. तो बिंदू टीपॉयवर आला, नेमका पितळी तांब्यापाशी. तिथे मायक्रोफोन ठेवून पुन्हा जुळणी केली. आता घरातल्या एकाही माणसाला धड ऐकू येईना, तांब्याला मात्र अप्रतिम. लोकशाहीवरचा माझा विश्वास यामुळे उडाला असं नाही, पण तांब्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. दोन दिवसांनी मी गुपचूप मायक्रोफोन परत माझ्या खुर्चीत नेला. सर्वांचं भलं करायला गेलो आणि कुणाचंच झालं नाही, तेव्हा निदान एकाचं तरी होऊ द्यावं, असा तात्त्विक विचार त्यामागे होता. तो एक म्हणजे मीच, हा योगायोग.

चार बैठकी म्हटल्या, पण तीनच सांगितल्या. चौथी दादांची. दादा म्हणजे माझे वडील. वय शहाऐंशी. चांदीच्या एका पेढीवर चाळीस वर्षं मुनीम होते. खामगावला रजतनगरी म्हणतात, तेव्हा मुनीम म्हणजे चांगलं वजन असलेला माणूस. त्यांची आरामखुर्ची उजव्या कोपऱ्यात, खिडकीशी. तिथून फाटक दिसतं, रस्ता दिसतो आणि मान वळवली की टीव्ही दिसतो. समोरचा उजवा स्पीकर त्यांच्यापासून जेमतेम तीन फुटांवर. मी त्यांना विचारलंच नव्हतं असं नाही. "दादा, कसं वाटतं?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ते म्हणाले होते, "छान हाये." मग मी टेप गुंडाळून ठेवली होती.

एका शनिवारी आम्ही 'अशी ही बनवाबनवी' लावला. १९८८ चा सिनेमा, किती वेळा पाहिलाय याची गणती नाही. पण पाच पूर्णांक एक दशांशावर पहिल्यांदाच. थिएटरचं वातावरण हवं म्हणून मी हॉलमधले सगळे दिवे घालवले, पडदे ओढले. आम्ही तिघं हसत होतो. एवढं हसत होतो की वाक्य संपायच्या आधीच हसत होतो, कारण पुढचं पाठ.

मध्येच सौ. हळूच म्हणाली, "दादा हसत नाहीत."

"झोपले असतील."

"नाही. टक्क जागे आहेत."

मी टीव्हीच्या उजेडात पाहिलं. दादा ताठ बसले होते आणि पडद्याकडे पाहत नव्हते. आमच्याकडे पाहत होते. अंधारात डोळे बारीक करून.

कितीतरी वर्षं आमच्या घरात दादांचं हसणं थोडं मागून येतं. आम्ही हसलो की क्षणभराने ते हसायचे. आम्हाला वाटायचं, वय झालं, विनोद पोचायला वेळ लागतो. तो विनोद पोचतच नव्हता. ते आमची तोंडं वाचत होते आणि आम्ही हसलो की हसत होते. मी दिवे घालवले आणि त्यांचं तेवढंही साधन गेलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. आधी त्यांनी कानावर घेतलं नाही, म्हणजे यावेळी मुद्दाम. मग म्हणाले, "ऐकू येते रे. कळत नाही."

"कधीपासून?"

"झाले असतील सात-आठ वर्षं."

"सांगितलं का नाही?"

"काय सांगू? तुमी हसत होते. चाललं होतं."

अकोल्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आलेख काढला. डावीकडे रेघ बरी होती, उजवीकडे जाता जाता ती घाटपुरीच्या उतारासारखी घसरली होती. वय झालं की वरच्या पट्टीचं आधी जातं, त्यांनी सांगितलं. स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते पोचतात. स, श, त, ट, फ ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि नाजूक, ती वाटेत गळतात. आणि शब्दाचा अर्थ बहुतेक या नाजूक मंडळींच्याच हातात असतो. 'सासू' म्हटलं की दादांना 'आऊ' ऐकू येतं आणि 'फुटाणा' म्हटलं तरी काहीतरी उ-आ-आ. बरं, आवाज मोठा केला तर स्वरही मोठे होतात आणि व्यंजनांना आणखीच झाकतात. म्हणजे सात-आठ वर्षं आमच्या घरातलं बोलणं दादांना दाराआडून आल्यासारखं ऐकू येत होतं. होम थिएटरातले बॉम्ब मात्र त्यांना उत्तम ऐकू येत होते.

कानाचं यंत्र घेतलं. ते त्याच्या निळ्या डबीत असतं आणि लग्नाकार्याला निघतं. "त्याच्यात पंखाच जास्त ऐकू येते," असं दादांचं म्हणणं.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "सोप्पं आहे बाबा. मधला स्पीकर बोलण्याचा. तो चार-पाच डेसिबलने वाढवा, ठोकळा कमी करा. आणि मायक्रोफोन आजोबांच्या खुर्चीत ठेवून जुळणी परत करा."

सोपं होतं. दहा मिनिटांचं काम. मी ते तीन दिवस केलं नाही.

हे तीन दिवस मी तत्त्वज्ञानात घालवले. एक मन म्हणे, सिनेमावाल्यांनी बोलणं किती आणि संगीत किती हे डोकं लढवून ठरवलेलं असतं. त्यात ढवळाढवळ म्हणजे कलेचा अपमान. (मी आजवर एकाही ध्वनिमुद्रकाचं नाव लक्षात ठेवलेलं नाही.) दुसरं मन म्हणे, एकासाठी तिघांचं बिघडवणं कोणत्या न्यायात बसतं? (तिघांचं आधीच बिघडलेलं होतं. बरं होतं ते फक्त माझं.) तिसरं मन म्हणे, त्यांची स्वतःची तक्रार नाही, मग आपण कशाला लादायचं? माणसाच्या इच्छेचा मान राखावा. मी तीन बाजूंनी विचार केला आणि तिन्ही वाटा माझ्या खुर्चीशी येऊन थांबल्या. इतका अचूक समतोल त्या मायक्रोफोनलाही साधला नव्हता.

चौथ्या दिवशी दादांनीच विषय काढला. पेपर वाचत होते. दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीचा त्यात उल्लेख होता. २०२४ मध्ये ती उघड झाली, डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं, तराजू तेवढा राहिला.

"बरं झालं," दादा म्हणाले. "डोळे बांधून काटा कसा पाह्यत होती ते मले कधी कळलंच नाही."

मग ते पेढीच्या गोष्टीत शिरले. त्या मी शंभर वेळा ऐकल्या आहेत, पण ही गोष्ट एकशे एकाव्या वेळी ऐकली. चांदी तोलायच्या आधी रिकामा तराजू उचलायचा. काटा मध्ये उभा राहिला तर ठीक. एक पारडं खाली गेलं तर दुसऱ्याला दोऱ्याने एखादी तार, एखादा लाखेचा तुकडा बांधायचा. तो पासंग. आपण एखाद्याला 'तो याच्या पासंगालाही पुरणार नाही' म्हणतो, तो हाच. पासंग बांधून काटा सरळ आला की मग तोलायला घ्यायचं.

"पण म्हणजे तराजू मुळात वाकडाच की," मी म्हणालो.

"सगळेच असतात. नवा आणला तरी चार दिवसांत वाकडा होते. पासंग लावला त्याच्यात लबाडी नाही. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर लावा लागते, एवढंच." थोडं थांबून म्हणाले, "तुया त्या यंत्राचा काटा कोणं पाह्यला?"

"मी."

"कुठं बसून?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांना ते ऐकू आलं नसतं, असं मात्र म्हणता येणार नाही.

संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "दादा, तुम्ही मधल्या खुर्चीत बसा. मी कोपऱ्यात बसतो." हे वाक्य मी मोठ्या मनाने म्हटलं आणि ते कुणाकुणाच्या लक्षात आलं हेही पाहिलं. दादा म्हणाले, "नको बाप्पा. तिथून फाटक नाही दिसत." झालं, माझा त्याग फाटकाशी अडला. त्यांना मध्य नकोच होता. त्यांना त्यांच्या कोपऱ्यात बसून सचिन पिळगांवकर काय बोलतोय ते कळायला हवं होतं.

मग पाट, डबे आणि कादंबरी आरामखुर्चीत गेली. कूलर बंद, पंखा बंद. दादा बाजूला स्टुलावर बसले होते, गिऱ्हाइकासारखे, प्रत्येक खर्रर्र कडे बघत. त्यांच्याजवळच्या उजव्या स्पीकरला यंत्राने हळू बोलायला आणि थांबायला लावलं. डाव्याला जोर दिला. मी मधला पाच डेसिबलने वर केला. ठोकळ्याला गप्प केलं, त्याचं मला वाईट वाटलं.

'बनवाबनवी' परत लावला. दिवे चालू ठेवून. पहिली पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. दादा मान वाकडी करून ऐकत होते, कपाळाला आठ्या घालून, हिशेब तपासल्यासारखे. मग एका वाक्याला ते हसले. आम्ही हसायच्या आधी. आम्ही तिघंही हसायचं विसरलो, त्यामुळे त्यांनी दचकून आमच्याकडे पाहिलं, आपलं काही चुकलं की काय म्हणून. तेव्हा सौ. घाईघाईने हसली.

सगळं त्यांना कळतं असं नाही. निम्मं कळत असेल. परवा 'कोण मेलं?' असं त्यांनी मध्येच विचारलं, तेव्हा पडद्यावर लग्न चाललं होतं.

माझ्या खुर्चीत आता काय ऐकू येतं ते सांगण्यासारखं नाही. डावा स्पीकर जोरात आणि आधी बोलतो, त्यामुळे हासच्या नियमाप्रमाणे सगळं जग डावीकडे सरकलं आहे. डावीकडे आमचा कूलर आहे. लता मंगेशकर कूलरमधून गातात. नायक मधोमध उभा राहून आईची शपथ घेतो, त्याचा आवाज तेवढा मधून येतो, पण इतका मोठा की शपथ मलाच घातल्यासारखी वाटते. मी एकदा खुर्ची दीड फूट उजवीकडे सरकवून पाहिली. थोडा फरक पडला. सौ.ने झाडताना ती परत मध्ये आणून ठेवली.

दिवाळीला मुलगा आला. बॅग ठेवून तो थेट माझ्या खुर्चीत बसला, रिमोट घेतला, दोन मिनिटं ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला.

"बाबा, हे सगळं तिरकं झालंय."

"हो."

"थांबा, मी नीट करून देतो. टेप कुठे आहे?"

तो शिवणाच्या मशीनचा खण उघडायला उठला. कोपऱ्यातून दादांचा आवाज आला, पेपरातून डोकं वर न काढता.

"राहू दे. गिऱ्हाइकाची तक्रार नाही."